पारण्याचे पान कोणासाठी?

आज आषाढी एकादशी. घरोघरी देवापुढे समई तेवत असेल, विठ्ठलाच्या तसबिरीला तुळशीचा हार चढला असेल आणि स्वयंपाकघरात वरी, साबुदाणा, रताळी यांपलीकडे काही शिजत नसेल. अशा उपवासाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीविषयी लिहावयास घेणे काही वाचकांना विसंगत वाटेल. परंतु ज्यांना वारकरी संप्रदायाची रीत ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक आहे, की एकादशीचे व्रत एकादशीला पुरे होत नाही. ते द्वादशीच्या पारण्याने पुरे होते. पंढरीस गेलेल्या दिंड्यांची सांगता तर त्याहूनही पुढे, पौर्णिमेला गोपाळपुरी काल्याने होते. उपवास प्रत्येकाने आपापला करावयाचा असतो. पारणे आणि काला मात्र एकट्याने होत नाहीत. म्हणून आजच्या पवित्र दिवशीच एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवणे योग्य होईल: उद्या पारण्याचे पान वाढताना शेजारचे पान आपण कोणासाठी मांडणार आहोत?

काटेवाडीचा विसावा

हा प्रश्न मनात उभा राहतो तो काटेवाडीमुळे. आषाढाच्या तोंडावर श्री तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूर तालुक्यातील सणसरकडे निघते, तेव्हा दुपारच्या विसाव्याला ती काटेवाडीत येते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी तो पाहिला. काटेवाडीत पालखीचे स्वागत ज्या रीतीने होते ते पाहण्यासाठी आजही लोक दुरून येतात. गावातील परीट समाजाची मंडळी पालखीच्या वाटेवर धुतलेल्या शुभ्र धोतरांच्या पायघड्या अंथरतात. पुढे मेंढपाळ आपल्या मेंढ्या घेऊन येतात आणि त्या मुक्या जिवांचे रिंगण पालखीभोवती फिरते. मेंढरांना रोगराई होऊ नये अशी त्यामागे श्रद्धा आहे. मानपानाचा विचार केला तर गावगाड्यात ज्यांचे स्थान कधीच पुढचे नव्हते, त्यांचा मान येथे पहिला आहे.

मग विसावा होतो आणि पंगती बसतात. यवतला पिठले-भाकरी मिळते हे प्रत्येक वारकऱ्याला पाठ असते. तशीच वाटेवरच्या प्रत्येक गावाची काही ना काही शिदोरी ठरलेली असते. ज्या घरी एरवी चार भाकरी होतात त्या घरी त्या दिवशी चाळीस थापल्या जातात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास गेल्या. त्या दोन आषाढांत वाटेवरच्या गावांना काय चुकल्यासारखे वाटले असेल, याचा विचार करावा. दर्शन तर चुकलेच. पण त्याहून अधिक चुकले ते वाढणे. देव दारावरून गेला नाही याचे दुःख जेवढे, तेवढेच दुःख दारी कोणी जेवावयास आले नाही याचेही असले पाहिजे.

असे असले तरी वारीच्या पंगतीविषयी लिहिताना केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विदुषी इरावती कर्वे ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर पायी चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत भजन सर्वांचे एकत्र, पण जेवण ब्राह्मणांचे निराळे आणि मराठ्यांचे निराळे, हे पाहून त्यांना झालेली व्यथा त्या लेखात आहे. ओठांवर एकच नाम आणि ताटे मात्र वेगवेगळी! त्या काळापासून पुष्कळ बदलले आहे. परंतु ती व्यथा ज्या प्रश्नातून उपजली तो प्रश्न अजून संपलेला नाही.

अन्न देणे आणि बरोबर बसणे

अन्नदानाचे पुण्य आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. अतिथीला देव मानावे हे तैत्तिरीय उपनिषदाचे शासन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण अन्न देणे आणि अन्न घेणाऱ्याच्या शेजारी बसून आपणही तेच अन्न खाणे, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीत देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली बसलेला असतो. दुसरीत दोघांची बैठक एक होते. पहिलीने पोट भरते. दुसरीने पोटाबरोबर मानही राखला जातो. माझ्या अल्प मतीप्रमाणे धर्माची खरी कसोटी या दुसऱ्या गोष्टीत आहे. हे ज्या एका परधर्मीय ग्रंथात अत्यंत साधेपणाने सांगितलेले आहे, त्याची ओळख आजच्या दिवशी करून घेण्यात आपल्या निष्ठेला कोणतीही बाधा येत नाही. तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्ती लोकांची शुभवर्तमाने.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी चालत आलेली ही चार येशुचरित्रे वाचू लागलो, की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. येशू उपदेश करतो तो डोंगरावर, नावेत, मंदिरात. पण त्याच्या चरित्रातील पुष्कळसे निर्णायक प्रसंग जेवणाच्या वेळी घडतात. त्याचा जन्म ज्या गावी झाला त्या बेथलेहेमच्या नावाचा हिब्रू भाषेतील अर्थच ‘भाकरीचे घर’ असा आहे. आणि मराठी भाषांतरकारांनी तेथील रोटीला ‘भाकर’ हाच शब्द योजून या चरित्राला आपल्या चुलीजवळ आणून बसविले, हा केवढा सुंदर योग! बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील ज्या माउलीने आयुष्यभर ज्वारी-बाजरीची भाकरी थापली, तिला येशूची गोष्ट समजण्यासाठी कोशाची गरज पडू नये.

शुभवर्तमानातील चार पंगती

पहिली पंगत रानातली. लोक येशूचे बोलणे ऐकण्यासाठी दूर निर्जन जागी आले आहेत आणि संध्याकाळ होत आली आहे. लोकांना आपापल्या सोयीने खावयास जाऊ द्यावे, असे शिष्यांना वाटते. येशू मात्र तुम्हीच त्यांना जेवू घाला असे सांगतो. एका मुलाजवळ पाच भाकरी आणि दोन मासे निघतात. योहानाने त्या भाकरी जवाच्या होत्या असे आवर्जून सांगितले आहे. जव हे त्या देशी गरिबाचे धान्य. मार्क सांगतो, की लोकांना शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नास असे हिरव्या गवतावर बसविण्यात आले. ही पंगतच नव्हे काय? पुरुषच पाच हजार होते, बायका-मुले निराळीच. सर्व तृप्त झाले आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. द्रौपदीच्या थाळीतील भाजीचे एक पान खाऊन भगवंताने दुर्वासादी ऋषींना तृप्त केले, ही कथा ज्यांनी श्रद्धेने ऐकली आहे त्यांना या कथेचे नवल वाटणार नाही. चमत्कार कसा झाला याची चिकित्सा ज्याने त्याने करावी. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या गर्दीत कोण कोणाच्या शेजारी बसला हे कोणी विचारले नाही आणि कोणाला वेगळ्या ओळीत बसविल्याची नोंद नाही.

दुसरी पंगत एका प्रतिष्ठित घरातली. शिमोन नावाचा एक परूशी, म्हणजे आचारधर्माचे काटेकोर पालन करणाऱ्या पंथाचा गृहस्थ, येशूला जेवावयास बोलावतो. त्या घरात गावात पापिणी म्हणून ठाऊक असलेली एक स्त्री शिरते. ती आपल्या अश्रूंनी येशूचे पाय भिजविते, केसांनी पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. यजमान मनात म्हणतो, हा जर खरा संदेष्टा असता तर याला स्पर्श करणारी स्त्री कोण आहे हे कळले असते. तेव्हा येशू त्याला नम्रपणे पण स्पष्टपणे दाखवून देतो, की मी तुझ्या घरी आलो तेव्हा तू मला पाय धुण्यास पाणी दिले नाहीस. ते काम या स्त्रीने केले. आपल्याकडे अतिथीला अर्घ्य आणि पाद्य देण्याचा विधी किती महत्त्वाचा आहे हे सांगावयास नको. यजमानाने ताट वाढले, पण पाद्य दिले नाही. म्हणजे पाहुणा घरात आला तरी मनात आला नव्हता. आदरातिथ्यात जेवणाच्या पदार्थांना दुसरे स्थान आहे हे या प्रसंगाइतके उघडपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

तिसरी पंगत यरीहो गावातील. जक्कय हा तेथील जकातदारांचा मुख्य. परकीय सत्तेसाठी कर गोळा करणारा आणि त्यात स्वतःचे घर भरणारा, म्हणून त्याला लोकांनी वाळीतच टाकलेले. येशूला पाहावे अशी त्याला इच्छा होते, पण तो ठेंगणा. म्हणून तो वाटेवरच्या उंबराच्या जातीच्या झाडावर चढून बसतो. आपल्याकडे औदुंबरातळी दत्तमहाराज असतात. येथे औदुंबरावर पापी बसला आहे आणि खालून देवमाणूस त्याला हाक मारतो. तो त्याला उपदेश करीत नाही, प्रायश्चित्त सांगत नाही. आज तुझ्या घरी उतरतो एवढेच म्हणतो. गाव कुरकुरते. पण जक्कय उभा राहून आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. शुद्धी आधी आणि पंगत नंतर, हा जगाचा नेहमीचा क्रम. येथे पंगत आधी झाली आणि तिच्यातून शुद्धी झाली. आणि ती शुद्धी नुसती मनाची नव्हती, हिशेबाच्या वहीचीही होती, हे विसरू नये.

चौथी पंगत शेवटची. वल्हांडणाचा सण आहे, उद्या आपला अंत आहे हे येशूला कळून चुकले आहे. योहानाच्या सांगण्याप्रमाणे त्या रात्री भोजनाच्या वेळी तो उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. हे काम त्या देशी घरातील सर्वांत खालच्या नोकराचे. काटेवाडीत आपल्या हातांनी धुतलेली धोतरे देवाच्या वाटेवर अंथरणाऱ्या परिटांची मूर्ती येथे डोळ्यांपुढे उभी राहते. दुसऱ्याचा मळ धुणाऱ्या हातांना जग हलके मानते आणि संत नेमके तेच हात उचलून धरतात. त्या शेवटच्या भोजनाला यहूदा इस्कर्योतही बसला होता. तो विश्वासघात करणार हे ठाऊक असूनही त्याला ताटावरून उठविले गेले नाही. लूकाच्या आणि इतरांच्या कथनात दोघांचे हात एकाच ठिकाणी आहेत. शत्रूला क्षमा करणे कठीण; शत्रूबरोबर घास खाणे त्याहून कठीण. या भोजनाची स्मृती जगभरचे ख्रिस्ती लोक आजही उपासनेत जतन करतात. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्याला प्रभुभोजन म्हणतात.

या चारींच्या मागे आणखी एक लहानशी गोष्ट आहे, ती वारकऱ्याला विशेष आवडेल. येशूच्या मृत्यूनंतर दोन शिष्य खिन्न मनाने अम्माऊस गावाकडे चालले आहेत. एक अनोळखी वाटसरू त्यांच्याबरोबर चालू लागतो, बोलू लागतो. सांज होते. तो पुढे जाण्याच्या बेतात असता ते त्याला आग्रह करून मुक्कामाला ठेवून घेतात. जेवावयास बसल्यावर पाहुणाच भाकर घेऊन मोडतो, त्यांना देतो आणि त्या क्षणी ते त्याला ओळखतात. वाटभर शास्त्रार्थ चालला तेव्हा ओळख पटली नाही. भाकर मोडली तेव्हा पटली. सोबतच्या चालणाऱ्याला ‘माऊली’ म्हणण्याची जी रीत आपल्या वारीत आहे तिचा गाभा याहून निराळा काय आहे?

आपल्या घरचे धन

हे सर्व वाचताना आपल्या परंपरेत याची उणीव आहे असे कोणी समजू नये. हस्तिनापुरी शिष्टाईसाठी गेलेल्या श्रीकृष्णाने दुर्योधनाच्या राजवाड्यातील पक्वान्ने नाकारली आणि दासीपुत्र विदुराच्या घरी भोजन केले. अन्न एक तर प्रेमापोटी घ्यावे किंवा विपत्तीत असताना घ्यावे, येथे दोन्ही नाही, असा त्याचा युक्तिवाद महाभारतात आहे. बाळपणी यमुनेच्या वाळवंटी गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करून त्याने काला केला आणि कोणाची भाकर कोणती याचा भेदच ठेवला नाही. आपण पौर्णिमेला गोपाळपुरी त्याचेच स्मरण करतो.

पैठणच्या एकनाथ महाराजांनी पितरांच्या श्राद्धासाठी शिजविलेल्या अन्नाचा सुगंध घेऊन दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला ते अन्न प्रथम वाढले. ब्रह्मवृंद रुसला, तेव्हा पितर स्वतःच येऊन जेवले, अशी कथा चरित्रकार सांगतात. नाथांनी अस्पृश्य मानलेल्या एका भक्ताच्या घरी जाऊन भोजन केल्याचीही कथा आहे. चोखोबांच्या घरी तर विठ्ठल जेवावयास आला आणि वाढताना देवाच्या पीतांबरावर दही सांडले, ही कथा कीर्तनात ऐकताना आपले डोळे भरून येतात. डोळे भरून येणे चांगलेच. पण चोखोबांच्या वंशजांना पंढरीच्या देवळाचे दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हेही त्याच डोळ्यांनी पाहिले पाहिजे. देव ज्याच्या घरी जेवला त्याला देवाच्या घरी प्रवेश नव्हता. कथेतला देव आपल्यापुढे शतके चालत होता आणि आपण मागे राहिलो होतो.

दोन्ही बाजूंची उणीव

ख्रिस्ती समाजही या बाबतीत निर्दोष राहिला असे नाही. त्यांच्याच धर्मग्रंथात याची कबुली आहे. अंत्युखिया नगरात पेत्र हा थोर प्रेषित आधी परजातीयांबरोबर जेवत असे. पण कर्मठ मंडळी आल्यावर तो बाजूला सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत लोक आधी जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. त्यावरही पौलाने कडक शब्दांत लिहिले. धर्म स्वीकारला म्हणजे पंगत आपोआप सरळ होते असे कोठेच घडलेले नाही. आपल्या देशातील ख्रिस्ती समाजातही जातीच्या भिंती मागे राहिल्या, हे त्या समाजातील विचारवंतांनीच सांगितले आहे.

आपल्याकडची आठवण तर पुण्यातलीच आहे. १८९० साली पंचहौद मिशनच्या आवारात झालेल्या एका कार्यक्रमात निमंत्रितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला, कोणी तेही केले नाही. पण उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्यांच्या विद्वत्तेचा आणि देशभक्तीचा सर्व हिंदुस्थानास अभिमान, त्या लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून सुटका मिळाली नाही. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याने एवढे वादळ उठावे! त्या काळच्या लोकांना आज हसणे सोपे आहे. पण त्यांना जे कळले होते ते आपण विसरू नये: बरोबर खाणेपिणे ही क्षुल्लक बाब नाही. समाज कोणाला आपला मानतो हे पेल्यावरून आणि पंगतीवरूनच ठरते. म्हणूनच ते घाबरले होते.

याच काळात, याच महाराष्ट्रात, काही माणसे ही भिंत आतून आणि बाहेरून ओलांडीत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि परत आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. हे सोवळे कसे आणि का सुटले, याची हकीगत ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी इतक्या निर्मळ विनोदाने सांगितली आहे, की कोणत्याही पंथाच्या वाचकाला ती आपल्याच घरातील वाटावी. तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे जाते त्या वाटेवर केडगावचा परिसर लागतो. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. दुष्काळात आईवडिलांचे भुकेने झालेले मरण त्यांनी पाहिले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया आणि मुली आणून त्यांना आश्रय दिला. त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद असू द्यात. पण भुकेल्या मुलींना घास देणाऱ्या त्या हाताविषयी कोणाचे काय दुमत असणार?

आणि परीट समाजातच जन्मलेले गाडगेबाबा! ते पंढरीला जात, पण देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा वाळवंटातील यात्रेकरूंमध्ये रमत. गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि मग भाकर मागत. पंढरपुरास त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. काटेवाडीच्या पायघड्या पाहताना या परिटाची आठवण ज्याला होत नाही, त्याने पायघड्यांचे शुभ्र कापड पाहिले, अर्थ पाहिला नाही.

सोवळ्याचे काय?

येथे एखादी श्रद्धाळू गृहिणी विचारील, आणि तिने विचारणे रास्तच आहे: आमच्या आचाराचे काय? आमच्या घरी मांसाहार चालत नाही, गळ्यात तुळशीची माळ आहे, नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. हे सर्व सोडून द्यावयाचे काय? याचे उत्तर सरळ आहे. काहीही सोडावयाचे नाही. काय खावे हे ज्याचे त्याचे व्रत आहे, आणि व्रत पाळणाऱ्याचा सन्मान करणे हाही आतिथ्याचाच भाग आहे. माळकऱ्याने येशूच्या कथेतील मासा खावा असे कोणी म्हणत नाही. प्रश्न ताटातील पदार्थांचा नसून ताटांमधील अंतराचा आहे. देवाचा नैवेद्य सोवळ्यात व्हावा, आणि तोच प्रसाद घरात राबणाऱ्या बाईलाही आपल्या ओळीत बसवून वाढावा, यात शास्त्राला कोणती बाधा येते? काल्याचा प्रसाद वाटताना आपण जात विचारीत नाही. मग जो नियम गोपाळपुरी चालतो तो आपल्या माजघरात का चालू नये?

आपल्या घरांकडेच एकदा पाहू. पुष्कळ सुशिक्षित घरांत मोलकरणीसाठी आजही कपबशी वेगळी असते. ती मोरीजवळच्या फळीवर उपडी घातलेली असते. मालकाला लग्नाला घेऊन आलेला गाडीचालक बाहेर गाडीतच बसून राहतो आणि सर्वांची जेवणे झाल्यावर कोणाला तरी त्याची आठवण होते. ऊसतोडणीच्या हंगामात दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे फडाच्या कडेला खोपीत राहतात. बागाईत गावातील किती घरांच्या उंबऱ्याच्या आत त्यांतील एखादे मूल जेवावयास बसले असेल? लग्नकार्यांतील पंगती आता मोडत चालल्या आणि लोक हातात ताटली घेऊन उभ्यानेच जेवू लागले. त्यात जातिभेदाचा गाजावाजा नाही हे खरे. पण कोणी कोणाशेजारी बसतच नाही, हेही खरे. आणि आपल्याच घरातील वृद्ध आई किंवा वडील आतल्या खोलीत एकटे जेवत असतील, तर दारावरच्या अतिथीचा विचार करण्याआधी त्यांचे पान पंगतीत आणणे हे पहिले कर्तव्य आहे.

येशूने आपल्या एका यजमानाला दिलेला सल्ला लूकाने नोंदविला आहे. त्याचा मथितार्थ असा, की मेजवानीला श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, कारण ते परत बोलावून फेड करतील. जे फेड करू शकत नाहीत अशा गरीब, लंगड्या, आंधळ्यांना बोलाव. आपल्या देण्याघेण्याच्या याद्या, आहेर आणि परतीचे आहेर यांवर याहून नेमके भाष्य कोणते असेल? ज्या जेवणाची फेड होणार असते तो व्यवहार असतो. ज्याची फेड होणार नसते ते आतिथ्य असते. वारीच्या वाटेवरील गावे तीनशेहून अधिक वर्षे नेमके हेच करीत आली आहेत. काटेवाडीत जेवलेला वारकरी त्या घराची फेड कधी करणार? तो पुढे निघून जातो. बहुधा त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

मग उद्याच्या पारण्याला काय करावे? फार मोठे काही नको. वर्षभर आपल्या घरासाठी राबणाऱ्यांपैकी एकाला, किंवा शेजारी राहूनही आजवर उंबरा न ओलांडलेल्या एका कुटुंबाला, मग ते कोणत्याही जातीचे वा धर्माचे असो, घरी बोलवावे. मागील दारी नव्हे, पुढील दारी. पाय धुण्यास पाणी द्यावे. आपल्यासारखाच पाट, आपल्यासारखेच ताट मांडावे. वाढणाऱ्याने वाढून झाल्यावर आपलेही पान तेथेच घ्यावे. आणि त्यांनी कधी आपल्या घरी बोलावले तर सबब न सांगता जावे. कारण जो फक्त वाढतो आणि कधी दुसऱ्याच्या घरी जेवत नाही, त्याने अजून अर्धाच धर्म पाळलेला असतो. विदुराघरची भाजी गोड झाली ती देव तेथे गेला म्हणून.

आज दिवसभर आपण पोट रिकामे ठेवून विठ्ठलाचे नाम घेऊ. उद्या सकाळी द्वादशीचे पान मांडले जाईल. पंढरीच्या वाटेवर चालून थकलेला, धुळीने भरलेला आणि न ओळखता येणारा कोणी त्या वेळी दारी उभा असेल, तर तो कोण आहे हे विचारण्याआधी त्याला आत घ्यावे. तो कोण होता हे पुष्कळदा जेवताना कळते.